विस्तव आतल्या बाजूला

अहो,

वर नाव घातलं नाही म्हणून रागावू नका. जन्मात कधी तुमचं नाव घेतलं नाही, ते आता कागदावर कशी घेऊ? आणि हे पत्र काही टपालात पडायचं नाही. तुळशीच्या बुडाशी पुरून ठेवणार आहे. तिथं तुम्ही येता, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आजच लिहायला का बसले? अहो, उद्या शांता येतेय! आपली सूनबाई, मैंदर्गीहून, बाळाला घेऊन! साडेसहा महिन्यांची झाली तुमची नात. तिचं पाऊल घरात पडायच्या आधी तुमच्याशी चार गोष्टी पक्क्या करून ठेवायच्या आहेत. तोंडानंच बोलले असते, पण म्हादू घरात आहे. आई एकटीच बडबडते म्हणून तुमचा लेक आधीच काळजीत असतो. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही, तेवढं बरं.

अक्षराला हसू नका. तुम्हीच शिकवलेलं आहे ते, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पाटीवर. दुसरं पुस्तक अर्ध्यात आलं आणि म्हादूच्या वेळचे दिवस राहिले, तिथं माझी शाळा सुटली. तेव्हापासून जोडाक्षर आलं की माझी शिसपेन्सील अडखळते. सासूबाई म्हणायच्या, बाईला अक्षरं कशाला हवीत? बघा, लागली की नाही उपयोगाला?

पोरगी कशी आहे म्हणता? बारशाला गेले होते ना मी, सर्व्हिस मोटारीतून. अंग असं हादरलं, की उतरल्यावरही रस्ता हलतोय असं वाटत होतं. बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं बाजूला केलं आणि मला रडूच फुटलं. डावा कान दुमडलेला! वरची कड आत वळलेली, अगदी तुमच्यासारखी. तुम्ही टोपीखाली लपवायचात तो कान तिनं उघड्यावर आणला. मी म्हटलं, आता कुठं लपाल?

पण त्याच बारशात ईवायांनी, शांताच्या वडिलांनी, मला ओसरीवर बोलावून सांगितलं. तुम्हाला माहीत आहे त्यांचं बोलणं, अर्धं कानडी, अर्धं आपलं. "ब्याड, आक्का, ब्याड," म्हणाले. नको नको म्हणत होते. "त्या घरातला वास जाईस्तवर पोरगीला आन् लेकराला मी धाडणार न्हाई. तुमी माझ्या जागी असता तर धाडलं असतंत का?"

मी खाली मान घालून परत आले. नात असून नसल्यासारखी झाली. आणि हे सगळं कुणामुळं? तुमच्यामुळं!

आता रागावते जरा. हक्क आहे माझा.

शेवटच्या दिवशी तुमची वाचा गेली होती. तुम्ही दोन बोटं ओठांशी नेलीत. मी गंगाजल दिलं, तुम्ही तोंड फिरवलंत. पुन्हा दोन बोटं. मी तुळशीचं पान ठेवलं. पुन्हा दोन बोटं! मग मी तुमचा हात धरून छातीवर ठेवला आणि म्हटलं, आता देवाचं नाव घ्या. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत! ते बघणं मला कळलं होतं हो. कळून न कळल्यासारखं केलं. मरत्या माणसाच्या तोंडी चिरूट कोण देतं, असं मनाशी म्हटलं आणि तुम्हाला तसंच जाऊ दिलं.

तुम्ही म्हणाल, तूच बंद केलं होतंस ना? केलं होतं! तेव्हा म्हादू चार महिन्यांचा होता. तुम्ही पाळण्याशी उभे राहून चिरूट ओढत होतात, ठिणगी पडली, दुपट्याला रुपयाएवढं भोक. पोराला काही झालं नाही, पण मी ते दुपटं तुमच्या अंगावर फेकलं होतं. तुम्ही पाळण्याच्या दोरीला हात लावून शपथ घेतलीत, की या घरात माझ्या हातून पुन्हा ठिणगी पडायची नाही. तीस वर्षं मी समजत होते, माझ्या धन्यानं माझ्यासाठी चिरूट सोडला. मिसरी लावता लावता चार बायकांत सांगायची सुद्धा. आणि तुम्ही हळूच म्हणायचात, "तुझी ती काळी पूड चालते व्हय?" मी म्हणायची, "मिसरीनं दुपटं जळत न्हाई!"

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, नाही असं नाही. पंधरा-वीस तरी असतील. ओळीनं बसले आणि एकही पुढं सरेना. म्हादू हात जोडून म्हणाला, "आईला अंतर देणार न्हाई." कावळा हलेना. "शांताचं बाळंतपण नीट करीन." हलेना. तेव्हा शांताला चौथा लागला होता. "बाबा, तुमची छत्री मी कुणाला देणार न्हाई," असंही म्हणाला बिचारा! लोक हसले. मला मात्र एक गोष्ट दिसली, ती मी कुणाला सांगितली नाही. कावळे पिंडाकडं बघतच नव्हते. माझ्या मागं, थोडं वर, माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर बघत होते. मी वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गुरुजी म्हणाले, चालतं. मला ठाऊक होतं, चालत नाही.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीचा चारचा भोंगा झाला आणि ओसरीवर चिरुटाचा वास आला.

चार वाजता तुम्ही यायचात. सुताच्या दुकानातून गठ्ठे घेऊन विणकरांच्या घरी पोचवायचे, वजन करून द्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि भोंग्याला घरी. घोंगडीवर टेकायचं, पाणी प्यायचं. ती घोंगडी मी उचललीच नव्हती. त्या दिवशी वासामागं वास आला आणि ती मधोमध खचली. हलकेच, माणूस टेकतो तशी. मी ताटातले तांदूळ निवडत होते. हात थांबला. बाहेर ऊन रखरखत होतं, बोळातून भांड्यांना कल्हई करणारा ओरडत चालला होता, सगळं रोजचंच. मग मी उठून पाण्याचा तांब्या भरून घोंगडीशेजारी ठेवला. दुसरं काय करणार? घरचा माणूस बाहेरून आला म्हटल्यावर!

भ्यायले का? खरं सांगू? पहिल्या दिवशी तांब्या ठेवून आत पळाले. दुसऱ्या दिवशी वेणीफणी करून बसले.

पण शांता लेकुरवाळी व्हायची पोर. तिला वासानं मळमळायचं. त्यातून आपली शेळी! तुम्ही लाडावलेली ती. ओसरीपुढं आली की घोंगडीला वळसा घालून जायची, आणि मान खाली घालून उभी राहायची, कुणी तरी कपाळ खाजवतंय अशी. शांतानं ते बघितलं आणि किंचाळलीच. सातव्यातच माहेरी गेली. मी म्हटलं, मामंजी आहेत ग तुझे, दुसरं कोण? ती म्हणाली, "म्हणूनच भ्या वाटतंय, आत्याबाई."

म्हादूनं घरभर गोमूत्र शिंपडलं, ऊद जाळला, ओसरी सारवून घेतली. सारवलेल्या ओल्या जमिनीवर संध्याकाळी बघावं तर घोंगडीपासून तुळशीपर्यंत कोरडी वाट! आणि तुळशीच्या बुडाशी राखट पाणी, चूळ टाकल्यासारखं. मी म्हटलं, अहो, तुळशीत चूळ टाकतात का? जिवंतपणी सांगून सांगून दमले, आता तरी ऐका!

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं गुरुजींनी सांगितलं, "त्यांची काय वासना राहिली असेल ती द्या, म्हणजे जीव मोकळा होईल." म्हादूनं माझ्याकडं बघितलं. मी दुसऱ्या दिवशी पदर डोक्यावरून ओढून मंगळवार पेठेत गेले. जन्मात पहिल्यांदा तंबाखूच्या दुकानाची पायरी चढले, तीही चिरुटासाठी, तीही या वयात, मोकळ्या कपाळानं! बाजारातल्या दोन बाया बघत राहिल्या. बघू देत.

दुकानात बाशाभाई म्हणून म्हातारे गृहस्थ. दाढीला मेंदी लावलेली, बोलणं गोड.

"बोला अम्मा. मिसरीची पाहिजे?"

"न्हाई. चिरूट."

"कुणाला?"

"आमच्या घरच्यांना."

"रोज कुठला ओढतेत?"

"आता काय ओढत न्हाईत."

"सोडले? मग अच्छा हाय की अम्मा, फिरून कायको सवय लावता?"

"वारलेत ते."

त्यांचा हात तागडीवरच थांबला. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, उठून उभे राहिले. मला म्हणाले, "बसा." आणि दुसरी एक गोणपाटाची घडी माझ्या शेजारी टाकली. ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मग मला चिरूट कसा बघायचा ते शिकवलं. तुम्ही असता तर मजा वाटली असती! आधी बोटांत धरून दाबायचा. काठीसारखा कडक असेल तर धूर ओढला जात नाही, किडक्या वांग्यासारखा मऊ असेल तर आत पोकळ. मधला बघायचा. मग कानाशी धरून फिरवायचा. करकर वाजला तर वाळून गेला, भडकन जळेल आणि जिभेला चावेल. मुका असला पाहिजे. मग पेटवायच्या टोकाचा वास घ्यायचा. कडब्यासारखा आला तर उत्तम, बुरशीचा आला तर परत ठेवायचा. वरच्या पानाच्या शिरा बारीक हव्यात, पान कुठं उसवलेलं नको. अहो, मला तर पोरगी बघायला गेल्यासारखं वाटलं! दाब, वास घे, रंग बघ, वाणी ऐक. आणि शेवटी आवडली तीच पसंत!

"पैल्यांदा घेताय न्हवं?" बाशाभाई म्हणाले. "मग तो काळा जाडा नका घिऊ, डोकं फिरवतो. फिका घ्या, बारीक घ्या. पैला चिरूट हलका पाहिजे."

मी त्रिचीकडचा एक घेतला. बारीक, बदामी रंगाचा, मधे तांबड्या कागदाचं कडं. साहेब लोकांचा म्हणे. मला वाटलं, जन्मभर गठ्ठे वाहिले, एकदा तरी साहेबासारखा ओढू देत.

तिथंच चुकले मी.

श्राद्धाच्या दिवशी माळवदावर पान मांडलं, शेजारी पिंड ठेवला. तुमची घोंगडी पलीकडं अंथरली, पानासमोर. कावळे आले, तसेच ओळीनं बसले. म्हादूनं गोवरीच्या निखाऱ्याला चिरूट लावला. पेटेना! ओढल्याशिवाय पेटत नाही, हे आम्हाला काय ठाऊक? बरं, ओढायचा कुणी? ओढला की उष्टा झाला, आणि उष्टं पितरांना कसं ठेवणार? गुरुजी म्हणाले, "माझ्याकडं बघू नका." म्हादू म्हणाला, "आई, चुलीची फुंकणी आणू?"

आणली की फुंकणी! तुमचा लेक गाल फुगवून साहेबाच्या चिरुटावर फुंकतोय, गुरुजी तोंड फिरवून हसतायत. कसाबसा लाल झाला, पानावर ठेवला, विझला. पुन्हा फुंकला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा तर ठेवल्या ठेवल्या असा विझला, जशी कुणी वैतागून चिमटीत धरून चुरगळली वात. टोक चपटं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हादूनंही बघितलं. फुंकणी खाली ठेवली त्यानं आणि तिथून जरा लांब सरकला.

तेवढ्यात पलीकडच्या माळवदावरून हसू आलं. नरसव्वा! शेजारच्या मागवाल्यांची थोरली. सूत वाळत घालता घालता सगळं बघत होती. मला ती तेलुगूत वदिना म्हणते, वहिनी म्हणून, आणि तुम्हाला अन्ना, भाऊ म्हणून. कठडा ओलांडून आली, चिरूट उचलून बघितला आणि म्हणाली, "अय्यो वदिना! हे काय? हे अन्नांनी कधी ओढलं होतं का?"

"मग काय ओढायचे?" मी विचारलं. "त्यांनी तर सोडला होता. तीस वर्षं झाली."

नरसव्वानं गुरुजींकडं बघितलं, म्हादूकडं बघितलं. मग कमरेच्या चंचीतून स्वतःचा चुट्टा काढला. खरखरीत काळ्या पानाचा, घरी वळलेला, बुडाला दोऱ्यानं बांधलेला.

"हा," ती म्हणाली. "रोज एक. सूत घेऊन यायचे, आमच्या मागाच्या खड्ड्याशेजारी बसायचे, आन् ओढायचे. आमच्यासारखा."

"म्हणजे कसा?"

तिनं दाखवलं. अहो, मी चार हात अंतरावर राहते, तरी मला त्या बायकांचं हे कधी नीट समजलं नव्हतं! चुट्टा पेटवायचा, दोन झुरके घ्यायचे आणि फिरवायचा. जळकं टोक तोंडात, विस्तव आतल्या बाजूला! ओठ मिटून घ्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला नुसती काडी दिसते. राख तोंडातच धरायची, मग चूळ भरून टाकायची.

"मागावर सूत असतंय न्हवं," ती म्हणाली. "ठिणगी पडली तर सगळं घर जळंल. म्हणून आमच्यात आसंच. अन्ना म्हणायचे, मलाबी आसंच शिकवा. मी शपथ घातलीय, ठिणगी पाडायची न्हाई."

मी मटकन खाली बसले.

तीस वर्षं! तीस वर्षं तुम्ही माझी शपथ मोडली नाहीत आणि चिरूटही सोडला नाहीत! तोंडात विस्तव धरलात! तरीच जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. तरीच घरी आल्या आल्या तुळशीपाशी चूळ. वास यायचा तर म्हणायचात, विणकरांच्या घरी बसलो होतो. खोटं नव्हतं तेही! मला राग येत होता, हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एकदा सांगितलं असतंत तर? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? ... बरं, खाल्लं असतं.

नरसव्वा म्हणाली, "ओढून पेटवायला लागंल. मी पेटवू?"

मी म्हटलं, "न्हाई. मी."

म्हादू म्हणाला, "आई, उष्टं..."

मी म्हटलं, "जन्मभर मी त्यांच्या ताटात जेवले. त्यांचं उष्टं खाल्लं. एकदा त्यांनी माझं घेतलं तर काय बिघडलं?" गुरुजींनी पंचांग उघडून त्यात डोकं घातलं. म्हणजे त्यांनाही चाललं!

तर असा माझा पहिला चिरूट. बाशाभाईंनी फिका सांगितला होता आणि मी सगळ्यात काळा ओढला! पहिला झुरका नाकातून आला, दुसरा डोळ्यांतून. खोकून खोकून पदर ओला झाला. पण पेटला. मग फिरवला आणि पानावर ठेवला. विस्तव तुमच्या घोंगडीच्या बाजूला, दोऱ्याचं टोक माझ्याकडं.

घोंगडी खचली.

आणि अहो, विस्तव दिसेनासा झाला. विझला नव्हता. चुट्टा आखडत होता, बोट बोट कमी होत होता, पण लाल टोक दिसेना, राख पडेना. नुसती एक काडी हवेत टोक रोवल्यासारखी. आणि धूर माझ्याकडच्या टोकातून यायला लागला, न पेटलेल्या टोकातून! हळूहळू, दमादमानं, कुणी दिवसभर चालून आल्यावर सोडतो तसा. वारा नव्हता. नरसव्वाचं वाळत घातलेलं सूत सरळ लोंबत होतं. नरसव्वानं माझा हात धरला होता, तिची बोटं गार पडली होती.

दोऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पानावर चिमूटभर राख नाही.

मग ओळीतला शेवटचा कावळा उडाला, तुमच्या घोंगडीच्या कडेवर बसला, मान वाकडी करून वर बघितलं आणि पिंडाला शिवला.

म्हादू ढसाढसा रडला. गुरुजी म्हणाले, "सुटले. मोकळे झाले." त्याच दिवशी मैंदर्गीला कार्ड टाकलं. मी गोड शिरा करून बोळात वाटला. सगळ्यांना सांगत होते, सुटले हो, सुटले!

दुसऱ्या दिवशी चारचा भोंगा झाला. मी घोंगडी परत ओसरीवर अंथरून तांब्या भरून ठेवला. वास आला नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी शेळी येऊन घोंगडीच्या मधोमध बसली. मी तिला हाकललं नाही. हाकलून कुणासाठी जागा करणार होते? पाचव्या दिवशी घोंगडीला हात लावून बघितलं, गार दगड. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तुम्ही गेलात त्या दिवशी सुद्धा मी इतकी रडले नव्हते. त्या दिवशी तुम्ही आपले आपण गेला होतात. या वेळी मी घालवलं होतं. नातीसाठी घालवलं. एका हातानं पोर घ्यायची तर दुसऱ्या हातातलं सोडायचं, असंच का असतं हो?

सहाव्या दिवशी म्हादू कामावर होता. मी नरसव्वाकडं गेले. म्हटलं, "एक दे. आन् नीट शिकव." तिनं विचारलं नाही कशाला. शहाणी बाई आहे. मागाशेजारी बसवून शिकवलं. जीभ खाली दाबून धरायची, विस्तवाला टेकू द्यायची नाही, श्वास नाकानं. पहिल्यांदा टाळू भाजला. दुसऱ्यांदा जमलं. तिचा नवरा माग थांबवून बघत होता, तो म्हणाला, "तिथंच बसायचे ते. त्याच पाटावर." मला सांगायची गरज नव्हती. पाट हाताला ऊन लागत होता.

घरी आले. भोंगा झाला. शेळी अचानक उठली आणि बाजूला झाली. मी घोंगडीच्या या कडेला बसले, चुट्टा पेटवला, फिरवला, ओठ मिटले. आणि हाक मारली. तोंडात विस्तव असताना हाक कशी मारायची ते नरसव्वानं शिकवलं नव्हतं, मनातल्या मनातच मारली.

तुम्ही आलात!

मला ना, नव्या नवरीसारखं झालं. अहो, गुरुजी म्हणाले होते ना, मोकळे झाले? मग मोकळा झालेला माणूस काही भुकेनं येत नाही. कावळा शिवला, वासना फिटली, तरी तुम्ही आलात. म्हणजे माझ्यासाठी आलात! इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही चारला घरी येता ते पाण्यासाठी, नाही तर टेकायला.

तेव्हापासून पंधरा दिवस रोज. म्हादूला वास आला गेल्या आठवड्यात, पांढरा पडला. मी तोंडातून चुट्टा काढून त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "माझा हाय. नरसव्वाच्या नादानं सवय लागली." तो इतका चिडला! "या वयात, आई? लोक काय म्हणतील?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आतून मात्र असा आनंद होत होता म्हणून सांगू! चिडला, पण भ्यायला नाही. ईवायांनाही तसंच कळवलंय. त्यांचं कार्ड आलं, म्हणाले, म्हातारीच्या चुट्ट्याला आमची हरकत न्हाई, आमच्या आईबी ओढायच्या.

बघा, मिटलं की नाही? घरात वास आला की तो माझा. घोंगडी खचली की मी तिथं बसून उठलेय. तुळशीपाशी राखट पाणी दिसलं की शिव्या मी खाणार. तीस वर्षं तुम्ही माझी शपथ सांभाळलीत, आता तुमचं लपवणं मी सांभाळते.

तर आता वचन घ्या माझं. जोवर हात चालतोय तोवर रोज चारला मी पेटवीन, एकच, आणि विस्तव आतल्या बाजूला. पाळणा असलेल्या घरात माझ्या हातून ठिणगी पडायची नाही. पाळण्याची दोरी उद्या बांधेन, तेव्हा तिला हात लावून हेच बोलेन.

तुम्हीही दोन गोष्टी पाळा. शांतासमोर शेळीचं कपाळ खाजवू नका. आणि नातीला बघायला वाकाल, वाकणारच, तर आधी चूळ भरा. तुळशीत नाही, मोरीत!

थांबते. भोंगा झाला. कागदावर राख पडली बघा आत्ता, आणि मी तर अजून पेटवलेलाही नाही.

तुमच्या ताटात जेवलेली,
म्हादूची आई
(आता दुमडक्या कानाच्या पोरीची आजी)
सोलापूर